नाइट रायडर बघता येतो, खेळता येत नाही

काळी, बोलणारी आणि प्रसंगी आपल्याच चालकाची टर उडवणारी किट ही गाडी आजही कुणालाही भेटू शकते. १९८२ ते १९८६ या काळात अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर चाललेल्या ‘नाइट रायडर’चे चारही सीझन पुढे डीव्हीडीवर आले. डेव्हिड हॅसलहॉफचं लेदर जॅकेट आणि गाडीला आवाज देणाऱ्या विल्यम डॅनियल्सचा तो शिष्ट स्वर ज्यांना पुन्हा अनुभवायचा असेल त्यांची सोय आहे. त्याच मालिकेवरचे गेम मात्र शोधायला जा. मँचेस्टरच्या ओशन सॉफ्टवेअरने १९८६ मध्ये स्पेक्ट्रम आणि कमोडोर या घरगुती संगणकांसाठी एक काढला. जपानच्या पॅक-इन-व्हिडिओने निन्टेन्डोच्या आठ बिटांच्या मशीनसाठी दुसरा बनवला. २००२ मध्ये डेव्हिलेक्स या डच कंपनीने तिसरा आणला. यातला एकही आज सरळ मार्गाने नवा विकत मिळत नाही. जुन्या सामानाच्या लिलावात नशीब काढावं, नाहीतर कुणीतरी कुठेतरी चढवलेली बिनपरवाना प्रत गुपचूप उतरवून घ्यावी.

माझं म्हणणं असं आहे की, ज्या गेमची विक्री थांबली आहे तो जपून ठेवण्याचा आणि लोकांना उसना देण्याचा हक्क सार्वजनिक ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना कायद्याने मिळाला पाहिजे. हे सगळ्याच जुन्या गेमना लागू आहे, पण टीव्ही मालिकांवरच्या गेमना सर्वात जास्त. बाकीचे गेम उद्या कुणीतरी पुन्हा बाजारात आणेल अशी निदान आशा असते. यांच्या बाबतीत ती जवळजवळ नाही.

याचं कारण मालकीत आहे. कादंबरीचा हक्क लेखकाकडे, फार तर त्याच्या वारसांकडे असतो. ‘नाइट रायडर’च्या गेममध्ये मालिकेचं नाव स्टुडिओचं, चेहरा नटाचा, शीर्षकधून संगीतकाराची, गाडीचा आकार मोटार कंपनीचा, प्रोग्राम लिहिणारी कंपनी वेगळी आणि तो डब्यात घालून विकणारी आणखी वेगळी. यातल्या प्रत्येकाचं पुढच्या चाळीस वर्षांत काय झालं ते बघा. किट ही पॉन्टिअ‍ॅकची ट्रान्स अ‍ॅम होती. पॉन्टिअ‍ॅक हा ब्रँडच जनरल मोटर्सने २०१० पर्यंत बंद करून टाकला. ओशन १९९६ मध्ये फ्रान्सच्या इन्फोग्राम्समध्ये विलीन झाली आणि इन्फोग्राम्सने पुढे अटारीचं नाव धारण केलं. निन्टेन्डोवरचे ‘नाइट रायडर’ आणि (हेलिकॉप्टरच्या मालिकेवरचा) ‘एअरवुल्फ’ हे दोन्ही गेम अमेरिकेत विकणारी अ‍ॅक्लेम २००४ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी तिने ‘एलियस’ या गुप्तहेर मालिकेवरचा गेम आणला होता, तोही तिच्याबरोबर बुडाला. डेव्हिलेक्सचा गेमचा धंदा आता उरलेला नाही.

त्यात लायसन्स मुदतीचं असतं. मुदत संपली की प्रकाशकाला तो गेम विकता येत नाही, मग तो त्याने स्वतःच्या खिशातून बनवलेला का असेना. दुसऱ्या बाजूला स्टुडिओकडे नाव असतं, पण प्रोग्राम नसतो. दोघांनी पुन्हा एकत्र बसून, वकिलांची फी भरून, नटाच्या आणि संगीतकाराच्या प्रतिनिधींना गाठून नवा करार करावा, तर त्या गेममधून तेवढे पैसे सुटणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यामुळे कुणी नकार देत नाही आणि कुणी परवानगीही देत नाही, घोंगडं भिजत पडतं. या सगळ्यात दुष्ट माणूस शोधायला गेलात तर सापडणार नाही. प्रश्न कायद्याचा आहे असं मी म्हणतो ते त्यामुळेच.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. उरलेल्या १३ टक्क्यांची तुलना त्यांनी मूकपटांशी केली, कारण अमेरिकन मूकपटांपैकी साधारण १४ टक्केच मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. ही तुलना मला थोडी ओढून आणलेली वाटते. मूकपटांची फिल्म जळून, विरघळून गेली. गेम शिल्लक आहेत, फक्त विक्रीत नाहीत. पण नीट विचार केला तर हे आणखीच विचित्र आहे. वस्तू अस्तित्वात आहे, ती चालवणारं यंत्र आहे, ती जपायला तयार असलेली माणसं आहेत, आणि तरी ती लोकांपर्यंत मोकळेपणाने पोचवायची कुणाला परवानगी नाही.

बरं, मालक धडधाकट असले म्हणजे तरी प्रश्न सुटतो का? रविवारी सकाळी दूरदर्शनवर हिंदीत बोलणारं ‘डक टेल्स’ इथल्या वाचकांना सांगायला नको. त्यावरचा कॅपकॉमचा १९८९ चा गेम निन्टेन्डोच्या उत्तम गेमपैकी एक मानला जातो. २०१३ मध्ये तो नव्या चित्रांसह पुन्हा आला. डिस्नी आणि कॅपकॉम, दोन्ही गडगंज कंपन्या. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये तो डिजिटल दुकानांतून काढून घेतला गेला आणि मार्च २०२० मध्ये परत आला. सात महिने त्याचं काय होणार हे खेळणाऱ्यांना कळायला मार्ग नव्हता. ‘ट्रान्सफॉर्मर्स’वरचे अ‍ॅक्टिव्हिजनचे गेम २०१७ च्या शेवटी असेच दुकानांतून उतरले. स्क्रूज काकांचा गेम परत आला कारण तो गाजलेला होता. ‘एअरवुल्फ’साठी कोण धडपडणार?

इथे हमखास येणारा आक्षेप असा: गेले तर गेले, तसेही ते भिकारच होते. या आक्षेपाला मी सहज झटकत नाही, कारण त्यात तथ्य आहे. मालिकांवरचे बरेच गेम खरोखर वाईट होते, आणि वाईट का होते तेही सर्वांना माहीत आहे. बजेटचा मोठा लचका लायसन्स तोडायचं. मालिका गाजत असेपर्यंत गेम दुकानात हवा म्हणून घाई व्हायची, आणि मालिका कुणाची वाट बघत थांबत नसे. ‘स्ट्रीट हॉक’चंच बघा. आपल्याकडे दूरदर्शनवर ती पाहिलेली मुलं आता पन्नाशीच्या आसपास आहेत आणि त्या काळ्या मोटरसायकलबद्दल अजून हळवी आहेत. अमेरिकेत मात्र १९८५ मध्ये तेरा भागांतच तिचा गाशा गुंडाळला गेला. ओशनचा गेम १९८६ मध्ये आला तेव्हा ज्या मालिकेच्या नावावर तो खपायचा तीच संपलेली होती.

याहून मजेशीर किस्सा ‘ए-टीम’चा आहे. अटारीकडे हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ याने बनवत आणलेला ‘सॅबोटर’ नावाचा गेम होता. तेवढ्यात कंपनीला ‘ए-टीम’चं लायसन्स मिळालं. मग काय, तयार गेममधला नायक काढून तिथे मालिकेतला नट मिस्टर टी याचं मुंडकं बसवण्यात आलं. चार जणांची टोळी, तिची भांडणं, गॅरेजमधल्या भंगारातून रणगाडा उभा करण्याची ती कला, यातलं काहीच नाही. पडद्यावर एक डोकं तरंगतंय आणि गोळ्या झाडतंय! तो गेम बाजारात आलाच नाही, अमेरिकेतला गेमचा धंदा त्याच सुमारास कोसळला. मूळ ‘सॅबोटर’ २००४ मध्ये एका जुन्या गेमच्या संचातून विकला गेला. मिस्टर टीचं मुंडकं मात्र फक्त संग्राहकांच्या हाती लागलेल्या नमुना प्रतींमुळे आपल्याला माहीत आहे.

मला विचाराल तर हे मुंडकं एखाद्या चांगल्या गेमइतकंच जपण्यासारखं आहे. १९८३-८४ मध्ये टीव्हीवरची लोकप्रियता म्हणजे व्यापाऱ्यांच्या लेखी नेमकं काय होतं याचा त्याच्याहून नेमका कागद दुसरा कुठला मिळणार?

आणि सगळेच मुंडकं चिकटवणारे नव्हते. मालिकेतून गेममध्ये काय उतरतं आणि काय सांडतं हे बघायचं असेल तर हे गेम शेजारी शेजारी ठेवून खेळायला हवेत. ओशनच्या ‘नाइट रायडर’मध्ये हायवेवरून शहराशहरांत गाडी पळवायची आणि वरून येणारी हेलिकॉप्टरं लेझरने पाडायची. मालिकेचा जीव होता माणूस आणि गाडी यांच्यातल्या गप्पांत, आणि तोच ४८ केबी मेमरीच्या स्पेक्ट्रमवर आणणं अवघड होतं. गाडी आली, मैत्री राहून गेली. घरगुती संगणकांसाठी एलिट या दुसऱ्या कंपनीने काढलेल्या ‘एअरवुल्फ’ने निराळी वाट धरली. मालिकेत ते हेलिकॉप्टर वाळवंटातल्या डोंगराच्या पोटात लपवलेलं असतं. गेमने ती गुहाच उचलली आणि खेळणाऱ्याला चिंचोळ्या भुयारांत अडकवलं. मोकळ्या आकाशातली झेप गेली, पण आवाक्यातल्या मशीनला झेपेल असा एक तुकडा मालिकेतून नेमका निवडला गेला. तो गेम इतका कठीण होता की त्याच्या आठवणी सांगताना लोक अजून दात-ओठ खातात.

या सगळ्यांत मला सर्वात जास्त आवडतो तो कोनामीने १९९० मध्ये निन्टेन्डोसाठी काढलेला ‘मिशन इम्पॉसिबल’. हा टॉम क्रूझच्या चित्रपटांच्या आधीचा. १९६६ ते १९७३ ची मूळ मालिका १९८८ मध्ये नव्या चमूसह परत आली होती, त्या चमूवर तो बेतलेला आहे. खेळणाऱ्याच्या हाती तीन माणसं: बंदूक चालवणारा मॅक्स, कुलपं आणि यंत्रं हाताळणारा ग्रँट, वेषांतरात तरबेज निकोलस. कुणीही एकटा मोहीम पार पाडू शकत नाही. कुठल्या दारापाशी कुणाला पुढे करायचं हे ठरवत जावं लागतं. मालिकेचा गाभाच हा होता की इथे एकटा नायक नाही, कामं वाटून घेतलेला गट आहे. पुढे चित्रपटांनी एक नायक डोक्यावर घेतला आणि ही गोष्ट मागे पडली. म्हणजे मूळ मालिकेचा स्वभाव कुणी नीट ओळखला होता असं म्हणायचं झालं, तर एका आठ बिटांच्या गेमने ओळखला होता. हे मी इथे लिहितो आहे, पण वाचणाऱ्याने ते स्वतः पडताळून बघायचं ठरवलं तर त्याला कायद्याच्या आत राहून फारसा मार्ग नाही. एखाद्या चित्रपटाबद्दल असं काही लिहिलं असतं तर अशी अडचण आली नसती.

‘२४’ या मालिकेवरचा २००६ चा गेम तर वेगळंच प्रकरण आहे. तो फक्त प्लेस्टेशन २ साठी निघाला. कीफर सदरलंडने स्वतः मालिकेचा नायक जॅक बाउर याला आवाज दिला, आणि त्यातलं कथानक दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनच्या मधल्या काळात घडतं. म्हणजे मालिकेच्या कथेचा एक हप्ता गेममध्ये आहे. टीव्हीवरचे भाग पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतील आणि मधला हा हप्ता एका जुन्या मशीनच्या डिस्कवर अडकून पडेल.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: हौशी मंडळींनी सगळ्याच्या प्रती काढून ठेवल्या आहेत, जुन्या मशीनची नक्कल करून ते गेम आजच्या संगणकावर चालवणारे एम्युलेटर आहेत, मग कायद्याची कटकट कशाला? या हौशी मंडळींबद्दल मला आदर आहे. टीव्हीच्या इतिहासातही अशांनीच लाज राखली आहे. बीबीसीने ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले कितीतरी भाग टेप पुन्हा वापरता याव्यात म्हणून पुसून टाकले. ज्यांचं चित्र कायमचं गेलं त्यांचा आवाज उरला, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवला होता. आपल्याकडे तर अधिकृत-अनधिकृत हा भेदच फारसा पोचला नव्हता. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लस परवान्यासह भारतात आणला तेव्हा संगणक अधिकृत होता, त्यावर चालणाऱ्या कॅसेटी मात्र हातोहात कॉपी होत. पुढे नव्वदच्या दशकात घराघरात आलेला ‘टीव्ही गेम’ हा निन्टेन्डोची नक्कल करणारा डबा होता आणि ‘९९९९ इन १’ कॅसेट ही तर नकलेची नक्कल. ‘मूळ प्रत विकत घ्या’ हा उपदेश ज्या बाजारात मूळ प्रत कधी आलीच नाही तिथे फुकाचा आहे.

पण हौशी साठ्यावर विसंबणं धोक्याचं असतं. एका कायदेशीर नोटिशीत तो एका रात्रीत बंद होतो. विद्यापीठातला संशोधक त्याचा उघड आधार घेऊ शकत नाही, गेम डिझाइन शिकवणारा शिक्षक वर्गात ‘ही चोरीची प्रत आहे’ असं सांगून पाठ सुरू करू शकत नाही. आणि प्रत कुठली, कुणी बदललेली, कुठल्या आवृत्तीची, याची नोंद ठेवणारं कुणी नसतं. हे काम ग्रंथपालाचं आहे, आणि कायद्याने ज्याचे हात बांधले आहेत तोही ग्रंथपालच.

अमेरिकेत यावर नुकतीच लढाई झाली. तिथल्या ग्रंथालयांना आपल्या इमारतीत बसवून जुना गेम दाखवायला काही प्रमाणात मुभा आहे. दूरवरच्या संशोधकाला, एका वेळी एकालाच, तो घरबसल्या वापरता यावा अशी मागणी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि त्याच्या सोबत्यांनी केली. गेम कंपन्यांच्या संघटनेने कडाडून विरोध केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉपीराइट कार्यालयाने मागणी फेटाळली. एक मोठी चिंता अशी की लोक संशोधनाच्या नावाखाली चक्क मजेसाठी खेळतील. ग्रंथालयातून रहस्यकथा घरी नेणाऱ्याला ‘तुम्ही ही अभ्यासासाठी नेताय ना?’ असं आजवर कुणी विचारलेलं नाही. ते पुस्तक तर दुकानातही मिळत असतं. इथे ज्या वस्तूची विक्रीच होत नाही तिच्या विक्रीला धक्का लागेल ही भीती. अमेरिकन कायद्यात कंपनीने बनवलेल्या अशा कृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण आहे. कोनामीचा तो १९९० चा गेम २०८५ अखेरीपर्यंत कुलपात राहील. ग्रंथपालाने तोवर हात बांधून बसायचं आणि त्यातल्या चिप्स तोवर टिकतील असं गृहीत धरायचं.

पैशाच्या आक्षेपात एकच गोष्ट मला वजनदार वाटते: कधीकधी जुना गेम खरंच परत येतो. बाँडपटावरचा १९९७ चा ‘गोल्डनआय’ हक्कांच्या गुंत्यात वर्षानुवर्षं अडकला होता आणि २०२३ मध्ये परत अधिकृतपणे खेळायला मिळू लागला. तेव्हा कायद्यात तशी सोय हवीच. प्रकाशकाने गेम पुन्हा बाजारात आणला की ग्रंथालयाने तो उसना देणं थांबवावं, जपलेली प्रत मात्र त्याच्याकडे राहावी. यात कुणाचा पैसा बुडतो ते कुणीतरी हिशेब मांडून दाखवावं.

जमतं हे फ्रान्सने दाखवलं आहे. तिथल्या १९९२ च्या कायद्याने व्हिडिओ गेमच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करणं बंधनकारक केलं. आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे, त्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणी पाठवावी लागते. गेमचा त्यात पत्ता नाही. आणि हा प्रश्न फक्त परदेशी मालिकांचा राहिलेला नाही. मुंबईच्या नझारासारख्या कंपनीने ‘छोटा भीम’चं लायसन्स घेऊन मोबाइल गेम काढले. अशा गेमची कॅसेट नसते, डिस्क नसते. करार संपून तो प्लेस्टोअरवरून उतरला की जुन्या बाजारात शोधायलाही काही उरत नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं तेव्हा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ हातचा गेलेला होता. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी पुढे चांगला-वाईट असा निवाडा न करता मिळतील तेवढी रिळं गोळा केली, म्हणून त्यानंतरचं निदान काही राहिलं.

भारतीय कॉपीराइट कायद्यात तर सुरुवात करायला जागाही आहे. कलम ५२ मध्ये २०१२ साली घातलेल्या तरतुदीनुसार बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालय जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवू शकतं, पण अट अशी की तिची बिगर-डिजिटल प्रत त्याच्याकडे आधीपासून असली पाहिजे. पुस्तकाला ही अट ठीक आहे. गेमची बिगर-डिजिटल प्रत आणायची कुठून? त्याच कलमात थोडं पुढे, भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रती काढायची ग्रंथालयाला मुभा दिलेली आहे. म्हणजे ‘विकत मिळत नाही’ ही कसोटी आपल्या कायद्याने कधीच मान्य केली आहे, फक्त ती पुस्तकं, नकाशे आणि स्वरलिप्यांपाशी थांबते. कॉपी रोखणारी डिजिटल कुलपं तोडण्याबद्दलचं आपलं कलम ६५-अ सुद्धा अमेरिकेइतकं कडक नाही, त्यात हक्कभंगाचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. तेव्हा पहिल्या तरतुदीतली बिगर-डिजिटल प्रतीची अट संगणक प्रोग्रामपुरती काढायची, दुसरीतल्या यादीत संगणक प्रोग्राम घालायचा, आणि उसनं देण्याची परवानगी विक्री सुरू होईपर्यंतच राहील असं एक वाक्य जोडायचं. मसुदा एका पानात बसेल.